घरी शिकलेली गिटार ऑर्केस्ट्रात उभी करताना: पट्टी, ठेका आणि नागपूरचा उन्हाळा

सहावी_तार (धागाकर्ता)

मंडळी, नागपुरात वही आणि व्हिडिओ पाहून गिटार शिकलेले खूप जण आहेत. वीस-वीस वर्षं घरी वाजवतात, हात चांगला असतो. मग गणपतीत, कोजागिरीला किंवा कुणाच्या लग्नातल्या संगीताला एखाद्या ऑर्केस्ट्राकडून बोलावणं येतं आणि पहिल्याच तालमीत अडतं.

माझ्या मते ते बोटांत अडत नाही, साथीत अडतं. घरी गिटार एकटीच असते, त्यामुळे खर्ज, ठेका आणि भरणा ही तिन्ही कामं तिच्याच अंगावर असतात. ऑर्केस्ट्रात खर्जाला बास असतो, ठेक्याला ढोलक आणि ऑक्टोपॅड, भरण्याला कीबोर्ड. तरीही घरची सवय म्हणून सहाच्या सहा तारा सतत वाजत राहतात आणि सगळं गढूळ होतं.

प्रश्न असा, की रोज एक तास आणि तीन महिने हातात असतील तर तयारी कोणत्या क्रमाने करावी? मधे एप्रिल-मे आहे, म्हणून उन्हाळ्यात गिटार कशी सांभाळायची तेही सांगा.

काळी_पाच

आधी पट्टी. गायक तुम्हाला 'जी मेजर' सांगणार नाही, 'काळी चार' सांगेल. पेटीच्या पांढऱ्या पट्ट्या एक ते सात म्हणजे सी, डी, ई, एफ, जी, ए, बी. काळ्या एक ते पाच म्हणजे सी शार्प, डी शार्प, एफ शार्प, जी शार्प, ए शार्प. हे झोपेतून उठवलं तरी सांगता आलं पाहिजे.

काळ्या पट्ट्यांसाठी कॅपोच्या (एखाद्या फ्रेटपाशी, म्हणजे गळ्यावरच्या धातूच्या आडव्या पट्टीपाशी, सगळ्या तारा दाबून धरणाऱ्या चिमट्याच्या) जागा पाठ करून टाका. काळी एकला पहिल्या फ्रेटवर कॅपो आणि सीचे आकार, नाहीतर चौथ्यावर एचे. काळी दोनला पहिल्यावर डी, तिसऱ्यावर सी. काळी तीनला दुसऱ्यावर ई, चौथ्यावर डी. काळी चारला पहिल्यावर जी, चौथ्यावर ई. काळी पाचला पहिल्यावर ए, तिसऱ्यावर जी. दोन-दोन जागा मुद्दाम दिल्या आहेत. दोन गिटार असतील तर एकाने खाली आणि एकाने वर धरायचं, म्हणजे दोघांचे आवाज वेगळे कळतात.

वहीत कॉर्ड सी-एफ-जी अशी लिहूच नका. सा, म, प, ध मायनर अशी लिहा. गायिका आयत्या वेळी अर्धी पट्टी खाली आली तरी वही तीच राहते, फक्त कॅपो सरकतो.

मायनर गाण्यात मात्र घोटाळा होतो. तेच गाणं कुणी ए मायनर मानून ए हा सा धरतो, तर कुणी पांढरी एक सांगून धवर न्यास मानतो. दोघेही बरोबर असतात आणि तालीम बिघडते. म्हणून नुसतं 'पट्टी कोणती' विचारू नका, 'मुखडा कुठल्या सुरावर टेकतो' हेही विचारा.

कोरा_कागद

कॅपोची सवय लागली की बार कॉर्ड (एका बोटाने सगळ्या तारा दाबून धरायची कॉर्ड) कधीच येत नाही. कॅपोशिवाय बाराही पट्ट्यांत वाजवता आलं पाहिजे. आणि स्टाफ नोटेशनही (पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी) शिकावं. सिनेसंगीतातले जुने इंट्रो पीस कानाने उतरवायला गेलं तर व्हायोलिनची आणि गिटारची ओळ एकमेकांत मिसळते. कागद समोर असला तर तीन तासांचं काम अर्ध्या तासात होतं.

काळी_पाच

कोरा_कागद, बार कॉर्ड यायलाच हवी, त्यात वाद नाही. पण उघड्या तारांचा झंकार बारमध्ये येत नाही आणि हिंदी-मराठी गाण्यांतल्या अकूस्टिकला तोच लागतो. नोटेशनबद्दल म्हणाल तर इथल्या बहुतेक तालमींत समोर सरगमचाच कागद येतो. तीन महिनेच असतील तर आधी सरगम वाचायला शिका, स्टाफ नंतर.

ठेका_महाल

भाऊ, पट्टी चुकली तर एक गाणं जाईल, ठेका चुकला तर सगळा कार्यक्रम जाईल. ढोलकवाल्यांच्या बाजूने सांगून राहिलो, जरा नीट वाचा.

केहरवा आठ मात्रांचा: धा गे ना ति, न क धिं न. घरी शिकलेले 'डाउन-डाउन-अप-अप-डाउन-अप' हा एकच स्ट्रोक सगळ्या गाण्यांना लावतात. त्यात आठपैकी सहा जागा भरून जातात, ढोलकाला श्वास घ्यायला जागा उरत नाही. मोजून वाजवा. पहिल्या मात्रेला अंगठ्याने एकच खर्जाची तार. तिसऱ्या मात्रेला डाव्या हाताची पकड सैल करून दाबलेला 'चक'. पाचवी रिकामी सोडा. सातव्या मात्रेला धिंवर बाया (ढोलकाची जाड आवाजाची बाजू) परत येतो, तिथे गिटारची जाड तार वाजली की दोन्ही आवाज एकमेकांत बुडतात. तिथे फक्त वरच्या तीन तारांचा हलका चक पुरे.

दादऱ्यात वेगळी चूक होते. धा धी ना, धा ती ना या सहा मात्रांचा एक झोका आहे. त्याला एक-दोन-तीन, एक-दोन-तीन असं सारख्या वजनाने वाजवलं की झोका मोडतो. चौथ्या मात्रेला 'खाली' (तालातली बिनवजनाची जागा) आहे, तिथलं वजन कमी ठेवा. पहिलीला सहावी किंवा पाचवी तार, चौथीला चौथी तार, बाकी चार मात्रा बोटांच्या टोकांनी.

रूपक भजनात येतो. सात मात्रा, ३-२-२ असे भाग आणि पहिल्याच मात्रेला खाली. गिटारवाले सवयीने समेवर (आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर) जोर मारतात आणि भजनाचा तोल जातो. तिथे जोर चौथीला आणि सहावीला.

रियाज असा करा: मेट्रोनोम लावा, पण टिक पहिल्या मात्रेला न धरता तिसरी आणि सातवी धरा. पहिली स्वतःच्या आतून आली पाहिजे. सुरुवातीला पाच मिनिटंही टिकत नाही. ६० च्या लयीत दहा मिनिटं न हलता टिकलं की मग ८०, मग १००. हळू लय जास्त कठीण आहे हे लक्षात असू द्या.

उजवा_हात

ठेका_महाल यांच्याशी पूर्ण सहमत. एक जोडतो. बास गिटार असेल तर सहावी-पाचवी तार जवळजवळ विसरा. चौथ्या तारेपासून वरचे चार तारांचे आकार शिका. एफचा छोटा आकार, म्हणजे पहिल्या दोन तारांवर पहिला फ्रेट, तिसरीवर दुसरा, चौथीवर तिसरा, हा एकच आकार वर सरकवला तरी सगळ्या मेजर कॉर्ड मिळतात. कीबोर्डवाल्याला डावा हात वर ठेवायला सांगा. तो खाली आणि तुम्हीही खाली असाल तर साउंडवाल्याने कितीही फेडर हलवले तरी गायकाचे शब्द कळणार नाहीत.

नवशिक्या_प्रतापनगर

पेटीबरोबर वाजवताना ट्यूनर हिरवा दाखवतो, तरी बेसूर का लागतं?

काळी_पाच

पेटी नेमकी ४४० ची (ट्यूनरचं नेहमीचं माप, ए सूर म्हणजे ४४० हर्ट्झ) नसते म्हणून. स्वर वापराने आणि धुळीने उतरतात, ट्यून करणाऱ्याने मुळातच थोडे चढे ठेवलेले असू शकतात. गिटार पेटीला लावायची, पेटी गिटारला लागत नाही. पेटीवर मधल्या सप्तकातली पांढरी सहा एकच धरून ठेवा, शक्यतो एकाच सुराच्या पट्टीवर, जोडसूर बंद करून. ट्यूनरचं मूळ माप ४४० वरून ४४१, ४४२ असं काटा मध्यावर येईपर्यंत सरकवा. मग त्याच मापावर सहाही तारा लावा. कॅपो लावल्यावर पुन्हा तपासा, कारण कॅपो तारा दाबून चढवतो. तो फ्रेटला अगदी चिकटून लावला तर कमी चढवतो.

दुसरं कारण रागाचं आहे आणि ते जास्त महत्त्वाचं. यमनवर बांधलेल्या भावगीतात सवयीने म-ची मेजर कॉर्ड धरली की शुद्ध मध्यम घुसतो आणि गायिकेचा तीव्र मध्यम त्यावर घासतो. तिथे रे मेजर धरा, त्यात तीव्र म आपोआप येतो. भैरवीत प मेजर धरली तर शुद्ध नी येतो, तोही चालत नाही. भैरवीला सा मायनर, कोमल रे मेजर, म मायनर, कोमल ध मेजर आणि कोमल नी मायनर एवढा संसार पुरतो. काहीच सुचेना तर सा आणि पच्या दोनच तारा वाजवा. तिसरा सूर नसल्याने कुणाशी भांडण होत नाही.

ठेका_महाल

वा! आणि एक, एकाच पट्टीची गाणी लागोपाठ ठेवा. तबला प्रत्येक गाण्याला उतरवायचा-चढवायचा म्हटलं तर मधे दोन-दोन मिनिटं निवेदकाला बोलत राहावं लागते.

रानवारा

उन्हाळ्याचं कुणी बोललं नाही, मी सांगतो. घन लाकडाच्या गिटारीला हवेत ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. आपल्याकडे एप्रिल-मेच्या दुपारी ती २० टक्क्यांच्याही खाली जाते. लाकूड आकसतं, पण फ्रेटची तार आकसत नाही, म्हणून गळ्याच्या कडेला फ्रेटची टोकं बोटाला बोचायला लागतात. ही पहिली खूण. पुढे वरची फळी बसते, तारा खाली येतात आणि खरखर सुरू होते. तिसरी पायरी म्हणजे ब्रिजच्या (तारा अडकवलेल्या फळीवरच्या लाकडी ठोकळ्याच्या) मागे किंवा फळीवर उभी चीर.

कुलरच्या खोलीत ठेवली की झालं, असं समजू नका. कुलर सुरू असताना हवा एकदम दमट होते, बंद केला की दोन-तीन तासांत पुन्हा कोरडी. रोज हा झोका खाणं हे कायम कोरडं राहण्यापेक्षा वाईट. गिटार केसमध्येच ठेवा. झाकणाची प्लास्टिकची साबणदाणी घ्या, तिला सुईने वीस-पंचवीस भोकं पाडा, आत स्पंजचा तुकडा ओला करून घट्ट पिळून ठेवा. दाबला तर थेंब पडता कामा नये. एक डबी गळ्याच्या माथ्याकडे, एक पोटाजवळ. नवतप्यात (मेअखेरच्या नऊ कडक दिवसांत) दर दोन दिवसांनी पाहा, एरवी चार दिवसांनी.

आर्द्रता मोजणारं यंत्र घेतलं तर आधी ते तपासा. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, त्यात चिखलाइतपतच पाणी घाला. झाकण आणि यंत्र एका हवाबंद पिशवीत बारा तास ठेवा. काटा ७५ वर यायला हवा. ६९ दाखवला तर ते यंत्र सहाने कमी सांगतं हे त्याच्या पाठीवर लिहून ठेवा.

बंद गाडीत तर ठेवूच नका. उन्हात उभ्या गाडीच्या आत ६० अंशांच्या पुढे जातं. त्या उष्णतेत सरस मऊ पडतो आणि तारांच्या ओढीने ब्रिज मागून उचलला जातो. बारा-त्रेपन्नच्या (तारांच्या जाडीचं माप) संचाची एकूण ओढ सत्तर किलोच्या आसपास असते. ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागदाची कड आत गेली, तर तारा लगेच सैल करा आणि कारागिराकडे न्या.

कोरा_कागद

उन्हाळ्यात तारा पूर्ण सैल करून ठेवणंच उत्तम नाही का? पूर्वी सगळे तसंच सांगायचे.

रानवारा

ट्रस रॉड (गळ्याच्या आतली धातूची सळई) नसलेल्या जुन्या गिटारींना ते ठीक होतं. ट्रस रॉड असलेल्या गळ्यात रॉड एका बाजूने ओढतो, तारा दुसऱ्या बाजूने. तारा काढल्या की रॉड गळा मागे वाकवतो. महिनाभर वाजवायची नसेल तर सगळ्या तारा एक सूर उतरवा, त्याहून जास्त नको.

गळा तपासायची सोपी रीत: पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा. जिथे गळा पोटाला मिळतो तो, म्हणजे साधारण चौदावा फ्रेट, सहाव्या तारेवर दाबा. आता सातव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांत ०.२ ते ०.३ मिलिमीटर फट हवी. झेरॉक्सच्या कागदाचे दोन-तीन पदर सहज सरकले म्हणजे ठीक. फट जास्त असेल तर रॉड घड्याळाच्या दिशेने एक-अष्टमांश फेरा, पुन्हा सूर लावा, पुन्हा मोजा. चावी जड लागली तर तिथेच थांबा, कारण जोर लावून रॉड तुटला की गळाच बदलावा लागतो.

त्यानंतर उंची. बाराव्या फ्रेटवर सहावी तार २.५ आणि पहिली १.८ ते २ मिलिमीटर. अर्धा मिलिमीटर कमी करायची तर सॅडल (ब्रिजवरची तारा टेकतात ती पट्टी) खालून एक मिलिमीटर घासावा लागतो, कारण बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर आहे.

लोक इथेच फसतात. पावसाळ्यात फळी फुगते, तारा वर येतात, म्हणून ऑगस्टमध्ये सॅडल घासून घेतात. मे आला की फळी बसते आणि प्रत्येक फ्रेटवर खरखर. घासलेला सॅडल परत वाढत नाही. दोन सॅडल करून ठेवा, एक उन्हाळ्याचा, एक पावसाळ्याचा, अर्ध्या मिलिमीटरच्या फरकाने. केसच्या खणात दोन्ही राहतात.

नवशिक्या_प्रतापनगर

दोन सॅडलची गोष्ट कुठेच वाचली नव्हती. धन्यवाद, रानवारा काका!

साउंड_इतवारी

आता स्टेजचं. सभागृहात, मग ते देशपांडे असो की सुरेश भट, एसी असतो. बाहेरच्या ४४ अंशांतून आत आणलेली गिटार लगेच लावू नका. थंडीने तारा आकसून चढतात, नंतर दिव्यांखाली पुन्हा उतरतात. केस उघडून वीस मिनिटं विंगेत राहू द्या, मग लावा.

मैदानावरच्या मांडवात जनरेटर असतो आणि तिथे अर्थिंगचा भरवसा नसतो. गिटारच्या तारा अॅम्पच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात, माइकची जाळी मिक्सरच्या. दोन्ही वेगवेगळ्या फेजवर गेले तर हातात तारा आणि ओठ माइकला, असा थेट झटका बसतो. यात जीव जाऊ शकतो. साउंड चेकच्या आधी मल्टिमीटर एसी व्होल्टवर लावा. एक टोक तारेला, एक माइकच्या जाळीला. दोन-तीन व्होल्टच्या वर काहीही दिसलं तर वाजवायचं नाही, वायरमनला बोलवायचं. गुणगुण कमी होते म्हणून प्लगची तिसरी पिन कुणी काढत असेल तर हात धरून थांबवा.

अकूस्टिक घुमते तेव्हा आवाज कमी करणं हा शेवटचा उपाय. बहुतेक पोटं १०० ते १२० हर्ट्झच्या आसपास घुमतात, म्हणजे साधारण सहाव्या तारेचा तिसरा ते सातवा फ्रेट. तेवढीच पट्टी मिक्सरवर खाली घ्या. पोटाच्या भोकाला रबरी झाकण लावा. मॉनिटरच्या समोर न राहता बाजूला उभे राहा. प्रीअॅम्पवर फेजचं बटण असेल तर दाबून पाहा, निम्म्या वेळा तेवढ्यानेच घुमणं थांबतं.

वायर सहा मीटरपेक्षा लांब नको, लांब वायरीत वरचे सूर बोथट होतात. त्याहून लांब जायचं असेल तर मधे डीआय बॉक्स (गिटारचा सिग्नल लांब वायरीजोगा करून मिक्सरला देणारी डबी) घाला. तालीम संपली की गिटारमधला जॅक उपसून ठेवा. जॅक आत असेपर्यंत नऊ व्होल्टची बॅटरी चालूच राहते.

धंतोलीकर

तालमीच्या मध्यंतरात तर्री-पोहे होतातच. तर्रीचं तेल गुंडाळीच्या तारांच्या खाचांत बसलं की तिसऱ्या दिवशी आवाज लाकडासारखा. हात साबणाने धुऊनच तारांना लावा, आणि वाजवून झालं की सुती कापडाने प्रत्येक तार वरून आणि खालून पुसा.

उजवा_हात

पहिली, दुसरी आणि तिसरी तार सुटी जवळ ठेवा. पहिली सर्वांत जास्त तुटते. बदलताना खुंटीच्या पुढे पाच सेंटिमीटर सैल सोडा, म्हणजे दोन-तीन वेढे बसतात. मग तार बाराव्या फ्रेटपाशी धरून हळूच वर ओढा, पुन्हा लावा, असं तीनदा. न ओढलेली नवी तार अख्ख्या गाण्यात उतरत राहते.

रानवारा

कानांकडेही लक्ष द्या. ८५ डेसिबलला आठ तास, त्यानंतर दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं. झांजेशेजारी उभे राहणाऱ्याने इअरप्लग घालावेत. कापूस फक्त वरचे सूर खातो, त्याने काम होत नाही. गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही आणि गिटार तर साठीनंतरही वाजवायची आहे.

सहावी_तार

सर्वांचे मनापासून आभार. आता मूळ प्रश्नावर, तीन महिन्यांचा क्रम मी असा समजलो: पहिला महिना ठेका, दुसरा पट्टी, तिसरा गाणी. बरोबर?

ठेका_महाल

नाही न भाऊ. ठेका तिन्ही महिने, रोज पहिली वीस मिनिटं.

काळी_पाच

आणि गाणी पहिल्या दिवसापासून. वेगवेगळी बारा गाणी निवडा: सहा केहरवा, चार दादरा, एक रूपक, एक संथ. प्रत्येक गाणं तीन पट्ट्यांत. मुखडा, पहिलं म्युझिक, अंतरा, दुसरं म्युझिक, प्रत्येकाच्या आवर्तनांची संख्या वहीच्या समासात लिहा. ऑर्केस्ट्रात कॉर्ड विसरल्याने जेवढं पडायला होतं, त्याहून जास्त आवर्तन मोजायला विसरल्याने होतं.

दुसऱ्या महिन्यापासून एक कसरत करा. मूळ गाणं लावा आणि पूर्ण अंतराभर गिटार फक्त समेवर एकदाच वाजवा. बाकी वेळ ऐका, बास कुठे जातो, ढोलक कुठे थांबतो. चौथ्या-पाचव्या वेळी रिकाम्या जागा दिसायला लागतील. त्यातल्या दोनच भरा.

ठेका_महाल

आणि पहिल्या तालमीला ढोलकवाल्याच्या उजव्या हाताला बसा, हात दिसेल असं. समेच्या आधी त्याचा खांदा हलतो.

सहावी_तार

लिहून घेतलं. बारा गाण्यांची यादी उद्या इथेच टाकतो, पट्ट्या तपासून द्या.

काळी_पाच

टाका. प्रत्येक गाण्यासमोर मुखडा कुठल्या सुरावर टेकतो तेही लिहा.